घोडबंदरहून जुन्या वाशीत: एकटीने मूल घेऊन घर हलवण्याच्या नोंदी

या नोंदी घर शोधताना आणि हलवताना वहीत लिहिलेल्या आहेत. घरात कमावणारी मी एकटी. मुक्ता आठ वर्षांची, यंदा तिसरीत. माझी नोकरी चेंबूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, वेळ सकाळी 8 ते दुपारी 4.30. असंच कुणी एकट्याने मूल घेऊन जुन्या वस्तीत राहायला जाणार असेल, तर खर्च, कागद आणि फसलेले बेत आधी कळावेत म्हणून त्या इथे नीट उतरवते आहे.

22 मार्च 2025

आज घरांच्या जाहिराती बघितल्या नाहीत. आधी कागदावर दिवस मांडला. मला 7.10 ला घर सोडावं लागतं. शाळा 9 ला भरते (चौथीपर्यंतचे वर्ग 9 च्या आधी भरवू नयेत असा शासनाचा 2024 चा आदेश आहे), सुटते अडीचला. मी घरी पोचणार साडेपाचला. म्हणजे दिवसात दोन फटी आहेत: सकाळी 7.10 ते 9 आणि दुपारी 2.30 ते 5.30. घर कितीही चांगलं असलं तरी या दोन फटी बुजल्या नाहीत तर ते आपल्या उपयोगाचं नाही.

घोडबंदरला आम्ही तेविसाव्या मजल्यावर राहतो. हवा आहे, उजेड आहे, खाली बागही आहे. पण शाळा बसने, डॉक्टर रिक्षाने, वाण्याचं सामान फोनवरून. मजल्यावरच्या चार दारांपैकी दोन घरांत दिवसा कुणी नसतं आणि तिसऱ्यात दर वर्षी भाडेकरू बदलतात. मुक्ता स्वतःच्या पायांनी जाऊन दार वाजवू शकेल असं एकही माणूस नाही. म्हणून अट एकच लिहिली: मोठा रस्ता न ओलांडता मुलाला चालत पोचता येईल अशी उघडी दारं किती आहेत?

डोळ्यांसमोर तीन जागा होत्या: ठाणे पूर्वेची कोपरी, नेरूळ आणि वाशीचे जुने सेक्टर. कोपरी मनात भरली होती. फाळणीनंतर आलेले सिंधी, चेंदणीचे कोळी, मराठी, गुजराती असे सगळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत आणि स्टेशन चालत गाठता येतं. पण ठाण्याहून चेंबूरला जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. वाशीहून हार्बर लोकल थेट आहे: मानखुर्द, गोवंडी, चेंबूर. रोजचा बदल वाचतो म्हणून वाशीवर आले.

6 एप्रिल

रामनवमी, सुट्टीचा रविवार. सेक्टर 9 आणि 10 चा परिसर पायी पाहिला. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, 1970 मध्ये स्थापन झालं आणि नव्या शहराची वस्ती वाशीपासून सुरू झाली, त्यामुळे इथल्या इमारती नवी मुंबईतल्या सगळ्यांत जुन्यांपैकी आहेत. तळमजला आणि वर तीन-चार मजले, लिफ्ट नाही, मधे मोकळं अंगण, भोवती आंबा, बदाम, सोनमोहोर. बाजार, महापालिकेचं रुग्णालय आणि शाळा चालण्याच्या अंतरात. गुरुद्वारा आहे, मल्याळी आणि तमिळ लोकांची मंडळं आहेत. शेजारी सेक्टर 11 मध्ये जुहूगाव, म्हणजे शहर येण्याआधीपासूनचं आगरी-कोळी गाव.

जुन्या इमारतीत घर घेणाऱ्याने पहिली चौकशी महापालिकेच्या वर्गवारीची करावी. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करायची. सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-2बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. इथल्या जेएन टाईप, म्हणजे सिडकोने बांधलेल्या एका प्रकारच्या घरांपैकी अनेकांची नावं या याद्यांत येऊन गेली आहेत आणि पुनर्बांधणीची चर्चा सतत चालू असते. एजंट हे आपणहून सांगत नाही. तुम्ही विचारलंत तर सांगतो, आणि मग 'अजून पाच वर्षं काही होत नाही' असं पुढे जोडतो. त्या जोडीवर विश्वास न ठेवता मी सोसायटीच्या सचिवांकडून वर्ग विचारून घ्यायचं ठरवलं.

घरात शिरल्यावर मी काय बघत होते: छताचा नवा रंग फक्त एकाच खोलीत असेल तर तिथे गळती झाकलेली असते. संडास-बाथरूमचं छत. खिडकीखालचा कोपरा. तुळईवर सळईच्या रेषेत गेलेली उभी-आडवी चीर. आणि झाडूच्या दांड्याने छत ठोकून यायचा आवाज. जिथे पोकळ वाजतं तिथला गिलावा सुटलेला असतो. एका घरात नेमका पलंगाच्या वर तसा आवाज आला. भाडं कमी होतं, तरी ते सोडलं.

13 एप्रिल

दोन घरं नाकारली गेली. एका मालकांनी मला नाही, एजंटला सांगितलं, 'नवरा नसलेली बाई नको, उद्या कोण येईल-जाईल.' दुसरीकडे 'मिस्टर कुठे असतात' याचं उत्तर दिल्यावर फोन येणं बंद झालं. याने वाईट वाटलं. मुक्ता शेजारी उभी होती म्हणून जास्त वाटलं. तेव्हापासून घर बघायला तिला नेत नाही, आणि एजंटला पहिल्याच फोनवर सांगते: मी घटस्फोटित आहे, एक मुलगी आहे, नोकरी पक्की आहे, घरात मासे शिजतात. ज्यांना चालणार नाही ते तिथेच गळतात आणि रविवारही वाचतो.

त्याच दिवशी संध्याकाळी घर मिळालं. दुसरा मजला, एक खोली, हॉल, स्वयंपाकघर. इमारतीचा वर्ग सी-3, सचिवांनी कागद दाखवला. सगळ्यांत वरचा मजला मी मुद्दाम टाळत होते, कारण गच्ची गळते. तळमजलाही नको होता, कारण तिथे ओल वर चढते. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी एकच विचारलं, 'मुलीची शाळा कुठे?' भाडं 21,000, दुसऱ्या वर्षी 22,000. अनामत 80,000. एजंटची दलाली एका महिन्याचं भाडं.

20 एप्रिल

करार झाला. इथे एक गोष्ट जपा. एजंट सवयीने अकरा महिन्यांचा करार पुढे करतो. 1 मेपासून अकरा महिने म्हणजे 31 मार्च, आणि तेव्हा मुलांच्या परीक्षा असतात. मी चोवीस महिने मागितले, म्हणजे मुदत एप्रिलअखेर संपेल आणि घर सोडायची वेळ आलीच तर ती सुट्टीत येईल. मालकीणबाईंना हे लगेच पटलं. एजंटला नाही, कारण दर अकरा महिन्यांनी नूतनीकरणाचं त्याचं कमिशन बुडतं.

खर्चाचा हिशेब: मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. ते संपूर्ण मुदतीचं भाडं आणि अनामतीवर दर साल 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. आमचं भाडं 5,16,000, अनामतीवरचं व्याज 16,000, एकूण 5,32,000, म्हणून शुल्क 1,330 च्या आसपास. नोंदणी फी 1,000 आणि वर दस्त हाताळणीचे 300. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या नोंदणी होते. तोंडी किंवा नुसत्या नोटरीच्या कागदावर राहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. पुढे शाळा, आधार, गॅस, बँक सगळीकडे हाच कागद चालतो, म्हणून मुलीचं नाव 'सोबत राहणार' म्हणून करारात घातलं.

पोलिसांना भाडेकरूची माहिती मालकीणबाईंनी ऑनलाइन दिली. सोसायटीच्या अर्जात 'पतीचे नाव' असा रकाना होता. तिथे रेघ मारून अर्ज दिला आणि तो घेतला गेला. एका समिती सदस्यांनी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ते) जास्त मागितलं. ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही असा शासनाचा 2001 चा आदेश आहे. मालकीणबाईंनी त्याची प्रत समितीसमोर ठेवली आणि विषय संपला.

25 एप्रिल

शाळा. घरापासून सात-आठ मिनिटांच्या चालीवर असलेल्या अनुदानित मराठी शाळेत तिसरीसाठी जागा आहे. जुन्या शाळेत दाखला मागायला गेले तर वडिलांची सही आणा म्हणाले. माझ्याकडे ताबा मला दिल्याचा कोर्टाचा हुकूम आहे. त्याची स्वसाक्षांकित प्रत अर्जाला जोडली आणि अर्जाची पोच घेतली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे अनुदानित किंवा सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. हे दोन्ही अर्जात एका ओळीत लिहिलं. दाखला मिळाला. अशा वेळी आवाज चढवण्यापेक्षा कलमाचा आकडा घातलेला लेखी अर्ज जास्त काम करतो, हा माझा अनुभव.

1 मे

महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत सामान हलवलं. मुक्ता संगमनेरला आजीकडे. टेम्पो आणि हमाल 9,000, शिवाय लिफ्ट नाही म्हणून दर मजल्याचे 300 वेगळे. सुट्टीचा दिवस धरल्यामुळे गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या आणि टेम्पो फाटकापर्यंत येईना. जुन्या वसाहतीत सामान कामाच्या दिवशी अकराच्या सुमारास आणावं, तेव्हा गाड्या बाहेर गेलेल्या असतात. दोन दारांचं लाकडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. सुतार बोलावून ते सुटं करावं लागलं. 1,200 रुपये आणि अर्धा दिवस गेला. जिन्याचं वळण आधी टेपने मोजून घ्या.

26 मे

आज मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एरवीची तारीख 11 जून. बाहेरच्या भिंतीच्या चिरा भरायचं सोसायटीचं काम महिनाअखेरीला ठरलं होतं, आता पाऊस उघडेपर्यंत ते होणार नाही. ज्यांना जुन्या घराची डागडुजी करायची आहे त्यांनी ती एप्रिलमध्येच उरकावी. मे महिन्यावर भिस्त ठेवू नये.

पण आमच्याकडची गळती त्या भिंतीतून नाही. बाथरूमच्या छतातून थेंब पडतायत. घर बघितलं तेव्हा छत कोरडं ठणठणीत होतं. कारण आज कळलं: वरच्या मजल्यावरचे अण्णा आणि काकू चैत्रापासून पाटण तालुक्यात गावच्या यात्रेला आणि पुढे शेतीच्या कामाला गेलेले होते. घर बंद, नळ बंद, म्हणून खाली थेंब नाही. ते परतले आणि गळती सुरू झाली. घर बघताना वरच्या घरात माणसं राहतायत का, हे विचारायलाच हवं. बंद घराखालचं कोरडं छत काहीच सिद्ध करत नाही.

2 जून

अण्णांशी पहिली भेट भांडणाची होऊ नये म्हणून प्लंबरलाच सोबत घेऊन वर गेले. अण्णा निवृत्त माथाडी कामगार. कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून इकडे आला त्या काळात वाशीत आले. तेव्हा इथे रेल्वे नव्हती, ती 1992 मध्ये आली. खाडीपुलावरून बसने जा-ये करावी लागे.

प्लंबरने वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं तोंड) बंद करून रात्रभर पाणी कोंडून ठेवलं. सकाळी पाण्याची पातळी उतरली नव्हती, म्हणजे फरशी ठीक आहे. मग ट्रॅप उघडून पाणी सोडलं तर खाली धार लागली. दोष बिडाच्या जुन्या पाईपच्या जोडात. ही तपासणी केली नसती तर सगळी फरशी उखडण्यात पंधरा-वीस हजार गेले असते. ट्रॅप आणि पाईपचा तुकडा बदलून पीव्हीसी घातला, 3,800 रुपये. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि मुख्य पाईप सोसायटीकडे; संडास-बाथरूमची आतली गळती सभासदाकडे, असं आदर्श उपविधी सांगतात. त्याप्रमाणे खर्च अण्णांचा होता, आणि त्यांनी तो कुरकुर न करता दिला. त्यांना तो जड होता हे दिसत होतं. मी मालकीणबाईंशी बोलले आणि आमच्या बाजूच्या छताच्या गिलाव्याचा खर्च त्यांनी उचलला.

काकूंनी त्या दिवशी विचारलं, 'पोरगी कधी येणार?' वहीत त्यांच्या दाराची नोंद केली.

8 जून

पाळणाघर बघितलं. स्टेशनच्या बाजूला, स्वच्छ, कॅमेरे, महिना 6,000. पण ते शाळेतून मुलाला आणत नाहीत, सहा वर्षांवरची मुलं ठेवायला नाखूश असतात आणि सणाच्या सुट्ट्यांना बंद. माझ्या लॅबला त्याच दिवशी सुट्टी असेलच असं नाही. आगाऊ भरलेले 1,000 परत मिळाले नाहीत.

16 जून

शाळेचा पहिला दिवस. मी रजा घेतली होती ती सकाळसाठी, दुपारी लॅबमध्ये जावं लागलं. मुक्ताला घ्यायला तळमजल्यावरच्या लीला आंटींना पाठवलं. शाळेने मूल दिलं नाही. अर्जात नाव नाही, नातं नाही, ओळखपत्र नाही. शाळेचं बरोबरच होतं. मुक्ता पावणेचारपर्यंत ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून होती.

दुसऱ्याच दिवशी पत्र दिलं: मुलाला घेऊन जाण्याची परवानगी असलेल्या माणसांची नावं, फोन, फोटो, ओळखपत्राची प्रत आणि माझी सही. त्यात लीला आंटी, अण्णा, पहिल्या मजल्यावरचं चिपळूणचं कुटुंब. शाळा सुरू होण्याआधीच हे द्या. प्रत्येक मोठ्या माणसाकडे एक कागद ठेवला आहे: मुक्ताचा रक्तगट, कुठलं औषध तिला चालत नाही, डॉक्टरांचा नंबर, 'मी पोचेपर्यंत उपचार सुरू करायला माझी संमती आहे' अशी सही, आणि चाइल्डलाइनचा 1098. मुक्ताने दोन नंबर पाठ केले आहेत, माझा आणि अण्णांचा.

28 जून

लीला आंटी कोट्टायमच्या. मुंबईच्या रुग्णालयात परिचारिका होत्या, आता निवृत्त. मुलगा आखातात. मुक्ता शाळेतून येते, त्यांच्याकडे जेवते, गृहपाठ करते आणि अंगणात खेळते. महिना 3,500 ठरवले. त्या आधी पैसे घ्यायला तयार नव्हत्या. 'शेजारी आहोत' म्हणाल्या.

मी अडून बसले, आणि या बाबतीत माझं मत पक्कं आहे. रोजचं काम आहे ते पैसे देऊनच करून घ्यावं. रोजची वेळ फुकट मागितली की तिसऱ्या महिन्यात समोरचं माणूस आपल्याला टाळू लागतं, आणि त्याला नाही म्हणायची सोयही राहत नाही. पैसे ठरले की त्या हक्काने सांगू शकतात, 'शुक्रवारी मला जमणार नाही.' मग मला शुक्रवारची सोय आधी करता येते. उपकार अडीअडचणीसाठी राखून ठेवावेत. आंटींनी शेवटी अट घातली की जेवणाचे पैसे त्यात धरायचे नाहीत. ती मी मानली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाकीट, न मागता.

सकाळची फट चिपळूणच्या कुटुंबाने बुजवली. त्यांची तन्वी त्याच शाळेत चौथीत. मुक्ता 7 ला त्यांच्याकडे जाते आणि दोघी तन्वीच्या आजीबरोबर शाळेत जातात. तिथे पैसे नाहीत, त्याबदल्यात शनिवारी सकाळी दोघींना मी सांभाळते, कारण तन्वीच्या आईचं दुकान शनिवारी चालू असतं.

12 जुलै

आज सगळी घडी विस्कटायची वेळ आली. आंटींनी सहज सांगितलं की ओणमला गावी जायचं तिकीट झालं: 14 ऑगस्टला निघणार, 20 सप्टेंबरला परत. चिपळूणवाल्यांचीही गणपतीची तिकिटं झाली: 24 ऑगस्ट ते 4 सप्टेंबर. यंदा गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आणि तिरुओणम 5 सप्टेंबरला, म्हणजे दोन्ही दारं एकाच वेळी बंद.

रात्री दिनदर्शिका घेऊन बसले. इमारतीत आणि गल्लीत ज्यांच्याशी बोलणं आहे त्यांच्या जाण्यायेण्याचा एक तक्ता केला. अण्णा-काकू चैत्र-वैशाखात यात्रेला जातात, श्रावण-भाद्रपदात इथेच असतात. समोरच्या किराणा दुकानाचे पापाजी लुधियानाला जातात ते डिसेंबरात, लग्नसराईला. एरवी दुकान सकाळी 7 ते रात्री 10 उघडं. पलीकडच्या विंगमधल्या तमिळ बाई पोंगलला जानेवारीत जातात. वरच्या मजल्यावरचे खान दांपत्य ईदला भिवंडीला भावाकडे, तेही एक-दोन दिवस. आणि जुहूगावच्या कोळीणमावशी कुठेच जात नाहीत, त्यांचं गाव हेच. नारळी पौर्णिमेचे एक-दोन दिवस सोडले तर त्या रोज दहाच्या सुमारास अंगणात पाटी उतरवतात.

तक्ता पुरा झाल्यावर जे दिसलं ते मला या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं. सगळे कोकणातले असते तर गणपतीत इमारत ओस पडली असती. सगळे एकाच गावचे असते तर यात्रेला. इथे प्रत्येकाचं गाव वेगळं आणि सणही वेगळा, त्यामुळे वर्षाच्या कुठल्याही आठवड्यात निम्मी दारं उघडी असतात. मिश्र वस्तीबद्दल लोक खाण्यापिण्याचं, सणांचं कौतुक करतात, तेही खरंच आहे. पण एकट्या पालकाला तिचा खरा आधार हा आहे: ती एकाच वेळी कधी रिकामी होत नाही. घर बघायला जाताना 'इथे कुठले लोक राहतात' हे मीही विचारलं होतं, तेव्हा ते सुरक्षिततेसाठी. आता विचारीन ते या तक्त्यासाठी.

व्यवहाराची गोष्ट: रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. सणाच्या दोन महिने आधी शेजाऱ्यांना 'तिकीट झालं का' विचारायचं. तारखा तेव्हाच ठरतात.

19 ऑगस्ट

आंटी केरळात. काल दिवसभर पाऊस, आज मुंबई-ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांना सुट्टी जाहीर. लॅब चालू, रुग्णालयांचे नमुने थांबवता येत नाहीत. मुक्ताला सकाळी काकूंकडे सोडून सहाचीच लोकल धरली. दुपारपर्यंत हार्बर बंद पडली. रुळांवर पाणी.

लॅबमधून साडेतीनला सुटले. चेंबूर ते मानखुर्द पाण्यातून चालत आणि थोडी रिक्षा, पुढे महामार्गावर मिळेल त्या बसने. पूल ओलांडायला फार वेळ लागला. घरी पोचले तेव्हा रात्रीचे पावणेनऊ झाले होते.

तेवढ्या वेळात काय काय झालं ते काकूंनी सांगितलं. अकराला वीज गेली, पापाजींनी दुकानातून मेणबत्त्या पाठवल्या. आमच्या खिडकीतून पाणी आत येत होतं. अण्णांकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडून त्यांनी गादी भिंतीपासून ओढली आणि खिडकीला ताडपत्री बांधली. चार वाजता मुक्ताच्या पोटात दुखू लागलं. खानसाहेबांच्या पत्नी खाली आल्या, ओआरएस दिलं, माझ्या कागदावरच्या डॉक्टरांना फोन लावला. सातला तन्वीच्या घरातून आमटी-भात आला. माझा फोन सहा वाजता बंद पडला होता, आणि तोवर अण्णा दर तासाला मला एक ओळ पाठवत होते: 'पोरगी ठीक आहे.' मी पोचले तेव्हा मुक्ता काकूंच्या मांडीवर झोपली होती. मला जिन्यात रडू आलं. आज दिवसभरात काय झालं असतं याचा हिशेब घोडबंदरच्या घराच्या संदर्भात मी करून पाहिला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

त्यातून सुधारलेलं: भरलेली पॉवर बँक पर्समध्ये कायम. कामाच्या ठिकाणी लेखी विनंती केली आहे की रेड अलर्ट आणि शाळांना सुट्टी असेल त्या दिवशी माझी पाळी एका सहकारी मैत्रिणीबरोबर बदलावी, तिच्या अडचणीच्या दिवशी मी जाईन. तोंडी होकार आहे, लेखी अजून नाही.

31 ऑगस्ट

गणपतीचा आठवडा, दोन्ही ठरलेली दारं बंद. सकाळी काकू, दुपारी काकू आणि खानबाई आलटून पालटून. शाळेतून आणायला अण्णा जातात. त्यांचा गुडघा दुखतो, तरी छत्री घेऊन जातात. पैसे घेत नाहीत. पण या पंधरवड्यासाठी त्यांच्याकडून मी एक गोष्ट कबूल करून घेतली: दोघांच्या वर्षाच्या रक्तचाचण्या माझ्या लॅबमध्ये मी करवून आणीन. नमुना घरीच घेतला. अण्णांची साखर वाढलेली निघाली, आता औषध सुरू आहे.

सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला मुक्ताला झांज मिळाली. कोळीणमावशींनी तिला कोलीम आणि सुक्या बोंबलातला फरक शिकवला. विसर्जनानंतर बोंबील देणार म्हणाल्या.

21 सप्टेंबर

आंटी परतल्या. केळ्याचे वेफर्स आणि मुक्तासाठी कसवू, म्हणजे सोनेरी जरीच्या काठाचं परकर-पोलकं. येताच पाकीट द्यायला गेले तर म्हणाल्या, गेल्या महिन्याचे अर्धेच. बरोबर आहे, अर्धेच दिले.

आतापर्यंतचा एकवेळचा खर्च, अनामत सोडून: दलाली 21,000, करार सुमारे 2,630 आणि एजंटचे 1,000, टेम्पो-हमाल आणि मजल्याचे पैसे मिळून 9,600, सुतार 1,200, बुडालेले पाळणाघराचे 1,000, शाळेचे गणवेश-पुस्तकं 4,300, पडदे-दिवे-किरकोळ 5,500. गॅसची जोडणी नव्या वितरकाकडे न्यायला पैसे फार लागले नाहीत, पण जुन्या वितरकाचा हस्तांतराचा कागद यायला बराच काळ गेला. तोवर इंडक्शनवर चाललं. सिलिंडरचा अर्ज करार झाल्याच दिवशी टाका.

अजून न सुटलेलं: बाहेरच्या भिंतीच्या चिरा. दसऱ्यानंतर पाऊस थांबला की सोसायटी काम काढणार आहे, दरपत्रकं मागवली आहेत. खिडकीखाली ओल आहेच, तिथे रंग लावणार नाही, आधी ती पुरती सुकू दे.

दिवाळीचा तक्ता भिंतीवर लावला आहे. लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला. खान दांपत्य आणि आंटी इथेच. तन्वीचं घर भाऊबीजेला दोन दिवस दादरला. अण्णा-काकूंचं अजून ठरलेलं नाही, उद्या विचारते.